मालिकेचे संगीत आणि थकलेली रॉयल्टी

दूरचित्रवाणीवरील संगीताचे पैसे संगीतकाराकडे दोन वाटांनी येतात. चाल बांधून, ध्वनिमुद्रण करून दिल्याबद्दल निर्मितीसंस्था देते ते मानधन. तेच संगीत पुढे प्रसारित होत राहते, त्याबद्दल देय होते ती रॉयल्टी. थकबाकीच्या बऱ्याच तक्रारींत या दोहोंची गल्लत झालेली असते. मानधन हे कराराचे येणे आहे, ते निर्मात्याकडेच मागावे. रॉयल्टीसाठी मात्र निर्मात्याच्या ऑफिसात खेटे घालून सहसा काही हाती लागत नाही, कारण ती वाहिनीकडून कॉपीराइट सोसायटीकडे आणि तिथून सभासदाकडे जायची असते.

भारतात हा हक्क उशिरा बळकट झाला. कॉपीराइट कायदा १९५७ चा. मात्र १९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी (आयपीआरएस) विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता असतो. वेगळा करार असेल तरच अपवाद. पुढची पस्तीस वर्षे याच निकालाच्या आधारे संगीतकारांना वाटेला लावले गेले. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने चित्र बदलले. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर कोणत्याही वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार व संगीतकार यांना सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा सोसायटीकडे जाऊ शकतो. कायद्याच्या व्याख्येत मालिकाही चित्रपटातच मोडते. त्यामुळे ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, यावच्चंद्रदिवाकरौ’ असे करारात लिहून घेतले, तरी हा वाटा हातून सुटत नाही. एवढे असूनही असे करार आजही राजरोस पुढे केले जातात आणि सही करणारा बहुधा नवखा असतो.

करारात आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. हक्क किती काळासाठी दिले हे लिहिले नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा नावानिशी उल्लेख नसेल तर तो करार त्या माध्यमाला लागू होत नाही.

गीतकार-संगीतकारांची सोसायटी म्हणजे १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस. २०१७ मध्ये तिची नव्याने नोंदणी झाली. गायकांच्या हक्कांसाठी इसाम्रा (पूर्वीची इस्रा) ही सोसायटी आहे. ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा म्युझिक कंपनीकडे असते आणि तिचा परवाना हा वेगळा विषय आहे. नुसते सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक कामाची नोंद करावी लागते. सभासदाला मिळणारा आयपीआय क्रमांक क्षुल्लक वाटतो, पण खरा आधार तोच. ‘दीक्षित’ हे आडनाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिले जाते हे पाहिले, की नावावरून पैसे जुळवण्याची अडचण लक्षात येते. ‘सावली’ किंवा ‘आई’ अशा नावांच्या रचना तर ढिगाने असतात.

पैसा सर्वांत जास्त गळतो तो क्यू शीटमध्ये. कोणत्या भागात कोणते संगीत, किती सेकंद, कोणत्या स्वरूपात (शीर्षकगीत, पडद्यावरचे गाणे की पार्श्वसंगीत) वाजले आणि त्याचे संगीतकार, गीतकार व हक्कधारक कोण, याचा हा तक्ता. सोसायटीला वाटप करायचे असते ते अशा नोंदींवरून. प्रस्तुत लेखकाने संगीत दिलेल्या एका दैनंदिन मालिकेच्या शीटमध्ये शीर्षकगीताची नोंद बरोबर होती. पार्श्वसंगीताचे सगळे तुकडे मात्र ‘स्टॉक म्युझिक’ म्हणून एका ओळीत उरकले होते. यात कोणाचा कावा नव्हता. शीट भरणारा मुलगा संकलन विभागात नवा होता आणि भाग त्याच रात्री वाहिनीला पाठवायचा होता. ही गळती थांबवण्याचा उपाय साधा आहे. प्रत्येक ऑडिओ फाइलच्या नावातच रचनेचे नाव, मालिका आणि संगीतकार लिहावा, आणि फाइलींसोबत आयपीआय क्रमांकासह अर्धी भरलेली क्यू शीट द्यावी. संकलकाला मग फक्त भाग क्रमांक आणि सेकंद भरायचे उरतात. भरलेल्या शीटची प्रत संगीतकाराला मिळेल, हे कलम करारात घालून घ्यावे. मानधनाच्या आकड्यावर घासाघीस करण्यापेक्षा या कलमासाठी अडून बसणे जास्त फायद्याचे ठरते.

पार्श्वसंगीताचा आणखी एक घोळ आहे. एका मालिकेसाठी दिलेले संशयाचे, रडण्याचे, सासूच्या प्रवेशाचे तुकडे त्याच संस्थेच्या पुढच्या मालिकेत वापरले जातात आणि तिथे दुसऱ्याच संगीतकाराचे नाव पडते. त्यामुळे आपण काम करत नसलेल्या मालिकांकडेही कान द्यावा लागतो. मालिकेत वापरलेल्या अभंगांची बाब वेगळी. तुकारामांच्या शब्दांवर कोणाचा कॉपीराइट नाही, पण नव्या चालीवर चाल बांधणाऱ्याचा आहे. नोंदणीत शब्द पारंपरिक आणि संगीत स्वतःचे, असे स्पष्ट लिहावे. अरेंजर आणि वादक यांना संगीतकाराचा वाटा मिळत नाही. वादकांचा हक्क कलावंत म्हणून आहे आणि तो कायद्यात वेगळ्या कलमांत येतो.

थकबाकी मागताना आधी पुरावा जमवावा: वाहिनी, तारीख, भाग क्रमांक, संगीत कोणत्या मिनिटाला वाजले, पुनःप्रसारण झाले का, करार, बिले आणि मूळ प्रोजेक्ट फाइली. मग सोसायटीकडे लेखी दावा करावा आणि निर्मितीसंस्थेकडे दुरुस्त क्यू शीट मागावी. फोनवर मिळालेले आश्वासन कागदावर येईपर्यंत धरू नये. कॉपीराइट भंगाच्या भरपाईसाठी दाव्याची मुदत तीन वर्षे आहे, म्हणून ‘पुढच्या महिन्यात बघू’ किती महिने ऐकायचे ते आधीच ठरवावे. दावा मुंबईतच लावायला हवा असे नाही. संगीतकार जिथे राहतो वा काम करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही तो दाखल करता येतो. कोल्हापूर-नागपूरच्या संगीतकारांना ही तरतूद माहीत असावी. न्यायालयाचा कलही अलीकडे लेखक-संगीतकारांच्या बाजूने दिसतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयपीआरएसच्या दाव्यांत अंतरिम आदेश देताना, रेडिओवर गाणे वाजले तरी गीत-संगीतकारांची रॉयल्टी लागू होते, अशी भूमिका घेतली.

गीत-संगीतावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वारसांना रॉयल्टी मागता येते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि कामांची यादी लागते. पहिले दोन कागद सरकारी कचेरीतून मिळवता येतात, यादी मात्र संगीतकारानेच हयातीत करून ठेवायची असते.