टाचेमागची शीर : झीज, तूट आणि उपचार

टाचेच्या वर, मागच्या बाजूला दोन बोटांत धरता येते ती ताठ शीर म्हणजे अकिलीस टेंडन. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली एकत्र येऊन याच शिरेने टाचेच्या हाडाला जोडले जातात. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ही शीर शरीरातली सर्वांत जाड आणि मजबूत आहे. चवड्यावर उभे राहणे, चढ चढणे, उडी मारणे ही कामे तिच्याच जोरावर होतात. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. रक्तपुरवठा मात्र तुटपुंजा असतो, आणि टाचेच्या हाडापासून वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात तो सर्वांत कमी. बहुतेक शिरा याच पट्ट्यात झिजतात आणि तुटतात, आणि म्हणूनच भरून यायला त्यांना महिने लागतात.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत या शिरेला कामाची कमी नाही. आवणीच्या दिवसांत माणसे चिखलातून पाऊल उपसत दिवसभर वाकून राहतात. उन्हाळ्यात पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ-उतार करतात. जंगलातून मोळी आणणे आहे, गावोगावच्या मैदानावरची कबड्डी आणि व्हॉलीबॉल आहे, गोविंदाचा सराव आहे. मुंबईहून शिर्डीला निघालेल्या पालख्यांचे पदयात्री शहापूरवरून कसारा घाट चढून जातात, तेही दिवसेंदिवस डांबरी रस्त्यावर. माहुलीचा उभा चढ, गोरखगडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या, वैशाखऱ्याहून नाणेघाटात जाणारी जुनी वाट, इथे सुटीच्या दिवशी येणारे बरेचसे आठवडाभर खुर्चीत बसलेले असतात. रोजची सवय असलेल्या पायाला हळूहळू झीज लागते. सवय नसलेल्या पायाची शीर अचानक तुटण्याचा धोका अधिक, आणि तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांत तो सर्वांत जास्त दिसतो.

झीज

झीज सावकाश येते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले टाच धरल्यासारखी वाटते, चालू लागल्यावर मोकळी होते आणि संध्याकाळी पुन्हा दुखते. शीर जाड होते, चिमटीत दाबली की कळ येते. कधी दुखणे शिरेच्या मध्यभागी असते, कधी हाडाला चिकटते तिथे. हा फरक व्यायाम ठरवताना उपयोगी पडतो.

या दुखण्यात पूर्ण विश्रांतीने आराम पडतो, पण शीर बळकट होत नाही, म्हणून काम सुरू होताच त्रास परत येतो. झिजलेल्या शिरेला मोजका, नियमित आणि वाढत जाणारा भार लागतो. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही जगभर वापरला जातो. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून दोन्ही पायांनी वर उठायचे, मग सगळे वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची. हे १५ वेळा, अशा तीन फेऱ्या. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा किंचित वाकवून. सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. व्यायामात थोडे दुखले तर चालते. दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरले नाही तर भार कमी करायचा. दुखणे हाडाजवळ असेल तर टाच पायरीखाली न नेता सपाट जमिनीवरच व्यायाम करावा. सोबत टाचेखाली छोटी गादी असलेली चप्पल किंवा बूट वापरल्यास शिरेवरचा ताण हलका होतो.

शिरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणे टाळावे. त्याने काही दिवस बरे वाटते, पण शीर कमजोर होऊन तुटू शकते.

तूट

शीर तुटते त्या क्षणी मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते. अनेकांना ‘फट्’ असा आवाज ऐकू येतो. धोका त्यानंतर सुरू होतो, कारण पहिली कळ लवकर ओसरते. पायाची बोटे हलतात, पाऊल सपाट टाकून लंगडत चालताही येते. पाऊल खाली दाबणारे लहान स्नायू शाबूत असल्यामुळे हे घडते. प्रस्तुत लेखकाची शीर मुरबाडकडच्या एका मैदानावर व्हॉलीबॉल खेळताना तुटली, तेव्हा जमलेल्या सर्वांनी पाय मुरगळल्याचेच निदान केले. लेप लागला, मालीश झाली, एक्स-रेत हाड ठीक दिसल्याने सर्वांचा जीव भांड्यात पडला. खरे निदान झाले तेव्हा आठवडे उलटून गेले होते. असे अनेकांच्या बाबतीत घडते. पहिल्या तपासणीत पाचातली एक तूट तरी निसटते असे वैद्यकीय नोंदी सांगतात.

ती निसटू नये म्हणून एक साधी चाचणी घरातल्या खाटेवरही करता येते. दुखावलेल्या माणसाने पालथे झोपावे, पावले खाटेबाहेर लोंबू द्यावीत. दुसऱ्याने पोटरीचा मधला भाग हाताने दाबावा. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली ढकलले जाते. तुटली असेल तर ते जागचे हलत नाही. आधी चांगल्या पायावर दाबून पाहिले की फरक लगेच कळतो. शिरेवरून बोट फिरवल्यास खळगा लागणे आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहता न येणे या आणखी दोन खुणा. एक्स-रेत हाड दिसते, शीर दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. शंका उरली तर सोनोग्राफीने खात्री होते.

कोयता, विळा, कुऱ्हाड किंवा पत्रा टाचेमागे लागला तर जखम लहान दिसली तरी हीच चाचणी करावी. वरची कातडी शिवली आणि आत तुटलेली शीर तशीच राहिली, असे होता कामा नये. अशा जखमेत धनुर्वाताचे इंजेक्शनही आवश्यक असते.

पहिले काही तास आणि दिवस

मालीश, शेक आणि पाऊल वर ओढून ‘शीर बसवणे’ हे तिन्ही टाळावे. पाऊल वर ओढल्याने तुटलेली टोके एकमेकांपासून दूर जातात. चवडा खाली झुकलेल्या स्थितीत पाय फळी किंवा जाड पुठ्ठ्याला बांधावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, पायावर वजन देऊ नये. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठून ‘शीर तुटली आहे का, ते पाहा’ असे स्पष्ट सांगावे. गरज पडल्यास तिथून उल्हासनगर, ठाणे किंवा मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले जाते. पहिल्या काही दिवसांत निदान झाले तर उपचाराचे दोन्ही मार्ग, शस्त्रक्रिया आणि प्लॅस्टर, खुले असतात. चार आठवड्यांच्या पुढे गेले की टोके आक्रसतात, मधली फट भरण्यासाठी दुसऱ्या शिरेचा आधार घ्यावा लागू शकतो आणि शस्त्रक्रिया मोठी होते.

शस्त्रक्रिया की प्लॅस्टर?

वेळेवर पोहोचलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. नॉर्वेत ५२६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरानंतर पायाची कार्यक्षमता दोन्ही मार्गांनी सारखीच आढळली. शस्त्रक्रियेविना बरे झालेल्यांत शीर पुन्हा तुटण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते, शस्त्रक्रिया झालेल्यांत एका टक्क्याहून कमी. उलट शस्त्रक्रियेत नसेला इजा होण्याचे प्रमाण जास्त होते. जखम चिघळण्याची भीतीही शस्त्रक्रियेतच असते, आणि मधुमेही किंवा तंबाखू-विडीची सवय असलेल्यांना ती अधिक. म्हणून वय, काम, इतर आजार आणि फेऱ्या मारण्याची ऐपत सांगून निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

दोन्ही मार्गांत पाय सुरुवातीला चवडा खाली ठेवून प्लॅस्टरमध्ये किंवा खास बुटात असतो. मग टाचेखालच्या गाद्या एकेक काढत पाऊल सरळ केले जाते. साधारण दोन महिन्यांनी बूट सुटतो, त्यानंतर फिजिओथेरपी सुरू राहते. या काळात पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, किंवा छातीत कळ येऊन दम लागला तर रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तेव्हा एक तासही न दवडता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

घाई करू नये. क्रिकेटपटू मोहम्मद शमी यांच्या या शिरेवर फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. सगळ्या सोयी हाताशी असूनही, मध्ये गुडघाही सुजल्याने, भारताच्या संघात त्यांना जानेवारी २०२५ मध्येच परतता आले.

प्रतिबंध

आवणीआधी, पदयात्रेआधी, गडावर जाण्याआधी काही आठवडे पायऱ्यांवर चवड्यावर उठण्या-बसण्याचा सराव करावा. चालण्याचे अंतर टप्प्याटप्प्याने वाढवावे. सकाळची टाच धरणे सुरू झाले असेल तर तो भार कमी करण्याचा इशारा समजावा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या प्रतिजैविकांनी ही शीर दुखावू किंवा तुटू शकते. साठीपुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तींत हा धोका वाढतो. ही प्रतिजैविके घेत असताना टाच दुखू लागल्यास अवघड श्रम थांबवून डॉक्टरांना लगेच सांगावे.

बरा झालेला पाय शेतात, मैदानावर किंवा गडावर न्यायला तयार आहे की नाही, हे तारखेवरून ठरत नाही. दुखऱ्या पायाच्या चवड्यावर एकट्याने, चांगल्या पायाइतक्याच उंचीने आणि जवळपास तितक्याच वेळा उठता आले पाहिजे. तोवर चालणे आणि व्यायाम एवढेच करावे.