झोपेत दात खाणे : इंटरनेटवरची माहिती पारखताना

झोपेत दात खाणे म्हणजे जबड्याचे स्नायू नकळत आवळले जाऊन वरचे-खालचे दात एकमेकांवर घासणे. दंतवैद्यकात याला ब्रक्सिझम म्हणतात. शेजारी झोपलेल्याला करकर ऐकू येते. दात खाणाऱ्याला सकाळी जबडा आखडल्याचे, कानशिले दुखत असल्याचे जाणवते. सुळ्यांची टोके झिजून सपाट होतात.

यावरचे उपाय इंटरनेटवर शोधताना माहिती पारखून घ्यावी लागते. उपचारांच्या अशा माहितीचा दर्जा तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये १९९९ साली ‘डिसर्न’ ही १६ प्रश्नांची कसोटी प्रसिद्ध झाली. माहितीला आधार कशाचा, ती केव्हाची, उपचाराचे फायदे-तोटे कोणते, उपचार न केल्यास काय होईल, हे प्रश्न त्यात आहेत. एकच उपाय खात्रीचा म्हणून सांगणारी माहिती इथेच उणी पडते.

दात खाण्यावरचे नेहमीचे उपाय या कसोटीवर पाहू. नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचे आवरण, दातांची झीज रोखतो, मात्र दात खाण्याची सवय मोडेलच असे नाही. गरम पाण्यात मऊ करून घरीच बसवायचे तयार गार्ड नीट बसतीलच असे नाही. मोजक्याच दातांवर बसणारा गार्ड दीर्घकाळ वापरल्यास दात सरकू शकतात. बोटॉक्सने स्नायूंचा जोर काही महिने कमी होतो, परंतु दात खाणे थांबतेच असे नाही. चावा जुळवण्यासाठी निरोगी दात घासून घेण्याला भक्कम पुरावा नाही आणि एकदा घासलेला दात पूर्ववत होत नाही. म्हणून असा सल्ला विशेष सावधपणे तपासावा.

मूल दात खाते म्हणजे पोटात जंत झाले, ही समजूत घरोघरी आढळते. केवळ तेवढ्यावरून जंतांचे निदान होत नाही. बहुतेक मुलांची ही सवय वयानुसार कमी होते.

चांगली माहिती कारणांकडेही लक्ष वेधते. ताणतणाव, उशिराचा चहा-कॉफी, मद्य आणि तंबाखू यांचा दात खाण्याशी संबंध आढळतो. नैराश्यावरील काही औषधांनीही ते वाढते; तरीही डॉक्टरांना न विचारता औषध बंद करणे धोक्याचे असते. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे किंवा दिवसा पेंग येणे अशी लक्षणे असल्यास झोपेची तपासणी आवश्यक ठरते. दात झिजणे, तुकडा उडणे किंवा जबडा अडकणे यांसाठी दंतवैद्याने प्रत्यक्ष तोंड तपासणे गरजेचे असते.