घाटाखालच्या गाडीचे ब्रेक : कोणत्या हत्याराला किती पैसे?

आळेफाट्याकडून भाजी भरून निघालेली पिकअप माळशेज घाट उतरून मोरोशी, वैशाखरे मागे टाकत टोकावड्यात शिरते, तोवर तिच्या ब्रेकची सगळी परीक्षा होऊन गेलेली असते. म्हणून इथे ज्यांच्या दारात जीप, पिकअप किंवा इको आहे, त्यांनी ब्रेक तपासायची मोजकी हत्यारं घरी ठेवावीत. अडीच हजारांच्या आसपास काम भागतं. पुढचे भाव अंदाजे आहेत, कंपनीप्रमाणे कमी-जास्त होतील.

पहिले पैसे दोन घोड्यांवर, म्हणजे गाडी टेकवायच्या स्टँडवर, घाला. जोडी १,२०० ते २,५०० रुपयांना मिळते. नुसत्या जॅकवर किंवा दगडावर गाडी उचलून चाकाखाली हात घालणं जिवावर बेततं. इथे काटकसर नको.

घाटात दगा देतं ते बऱ्याचदा ब्रेक ऑईल. ते हवेतला ओलावा शोषतं. मानकाप्रमाणे नवं डॉट ३ ग्रेडचं ऑईल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. उतारावर पाय ब्रेकवरच राहिला की ऑईल तापतं, पाण्याची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला बसतं. ओलावा दाखवणारं दिव्यांचं पेन ३०० ते ६०० रुपयांना येतं, पण ते अंदाजच सांगतं. लाल दिवा लागला तर ऑईल बदला. मात्र ऑईल दोन वर्षांहून जुनं असेल तर हिरव्यावर विसंबू नका. माझं मत विचाराल तर एकाच गाडीच्या मालकाने पेन घेऊ नये. तेवढ्यात डॉट ४ ची अर्धा लिटरची नवी बाटली येते. दर दोन वर्षांनी, पावसाळ्याआधी ऑईल बदलावं. झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं किंवा कंपनीला चालतं तेच टाकायचं. उघडून अर्धवट राहिलेली बाटली वापरायची नाही. तीन-चार गाड्या असतील, तर पेन कामाचं.

जाडी मोजायचा व्हर्नियर ३०० रुपयांपासून मिळतो. पॅडचं मटेरियल ३ मिलीमीटरच्या खाली गेलं की पॅड बदला. डिस्कवर किमान जाडी आणि ड्रमवर कमाल व्यास बहुतेक वेळा कोरलेला असतो. ‘अजून चालेल’ असं कुणी म्हटलं, तर तो आकडा मोजून दाखवायला सांगा.

ब्रेकमधली हवा काढायला पारदर्शक नळी, बाटली आणि पेडल दाबणारा एक माणूस पुरे. एकेरी झडपेची नळी १५० ते ३०० रुपयांत येते, म्हणजे एकट्यालाही जमतं. हवा काढायच्या निपलला साधा पाना लावला तर कडा झिजतात. फ्लेअर पाना २०० ते ४०० ला आहे, तो घ्या. दोन-तीन हजारांचा व्हॅक्यूम पंप, पिस्टन मागे घ्यायचा संच, टॉर्क पाना हे गॅरेजवाल्यांसाठी. एबीएस असलेल्या गाडीत कधी स्कॅनर लागतो, तिथे स्वतः हात घालू नका.

ब्रेकचं रबर डिझेलने धुण्याची सवय मात्र सोडाच. रबर फुगतं आणि सिलिंडर गळतो. ड्रममधली धूळही फुंकून उडवू नये; जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारा.

चाकागणिक ब्रेकचा जोर मोजणारं रोलर यंत्र लाखांच्या घरातलं. व्यावसायिक प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी, नंतर दरवर्षी फिटनेस लागतं. तेव्हा यंत्रावर चाचणी झाली, तर डाव्या-उजव्या चाकांचे आकडे मागून घ्या. फरक मोठा असेल, तर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते.

पेडल एकदा जरी तळाला गेलं, तरी ती गाडी घाटात नेऊ नका; आधी मुरबाडचा फिटर बोलवा.