श्वापद आणि ६६६



उपासना वर्षाच्या अखेरीस दानिएल व प्रकटीकरण यांतील वाचने ऐकून काही जण घाबरतात. मिझोराममध्ये तर ‘आधार’ ही ६६६ ची खूण समजून काही ख्रिस्ती लोकांनी नोंदणी नाकारली.

व्यंगचित्रात वाघ दिसला की पक्ष कोणता, हे आपण ओळखतो. त्या काळच्या वाचकांनीही श्वापदे तशीच ओळखली. दानिएलची चार श्वापदे म्हणजे चार राज्ये. इ.स.पू. १६७ मध्ये अंतियोखस राजाने यरुशलेमचे मंदिर विटाळले. त्या छळात या दृष्टांतांनी धीर दिला. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असते. ‘नेरोन कैसर’ या नावाची बेरीज ६६६ होते. नेरो हा ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा रोमन सम्राट.

छळणारी सत्ता जाते, कोकरा जिंकतो, हाच संदेश आहे. म्हणून तारखा शोधू नका, विश्वासू राहा.