आधी तालुका विचारा

आपल्या गावाची बातमी परगावच्या माणसाच्या फोनवर कशी दिसते, हे प्रत्येकानं एकदा तरी पाहावं. मला ते एप्रिल 2020 मध्ये पाहायला मिळालं. वाशिम जिल्ह्यातला कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला तो आमच्या मेडशीत. अकोल्याहून वाशिमकडे येताना पातूर मागं टाकलं की लागणारं हे गाव. त्याआधी मेडशीचं नाव एसटीचा कंडक्टर सोडला तर फारसं कुणी मोठ्यानं घेतलं नसेल. त्या आठवड्यात मात्र ते टीव्हीच्या पट्टीवर आलं आणि तिथून लोकांच्या फोनवर.

गावात काय घडत होतं ते आधी सांगतो. रस्त्यावर आडव्या बल्ल्या लागल्या होत्या. आशाताई तोंडाला रुमाल बांधून घरोघर फिरत होत्या. घरात माणसं किती, कोण कुठून आलं, खोकला कुणाला आहे, हे वहीत लिहून घेत होत्या. फवारणीचा वास दुपारपर्यंत गल्लीत राहायचा. माझं कृषी केंद्र बंद होतं. भीती होती, नाही असं नाही. पण ती गुपचूप होती, ओट्यावर अंतर ठेवून बसलेली. रात्री गाव इतकं शांत की दूर कुठं कुत्रं भुंकलं तरी ऐकू यायचं.

आणि फोनवर? पुण्याहून आत्याचा फोन आला. पन्नास वर्षं पुण्यात राहूनही तिचं वऱ्हाडी गेलेलं नाही. "काऊन रे, तुमच्या गावात तं लोकं पटापट मरून राह्यले म्हंतात?" मी म्हटलं, "आत्या, मी ओट्यावर बसून चहा पिऊन राह्यलो. कोण मेलं, तूच सांग." तिच्याकडं आकडा होता, नाव नव्हतं. चाकणला कंपनीत असलेल्या भाच्याकडं वेगळाच आकडा. त्याच्या खोलीतली पोरं त्याला विचारत होती, तू गावाकडून कधी आलास? तो दिवाळीनंतर गावी आलाच नव्हता. तरी मेडशीचा म्हणून त्याचं ताट बाजूला ठेवलं गेलं.

एवढे आकडे येत कुठून होते, याचा मी छडा लावायचं ठरवलं. दुकान बंद, हातात वेळच वेळ. आत्याकडून तो मेसेज मागवला. मजकूर होता, "मेडशी, ता. मालेगाव". त्याच्याखाली कुणीतरी मालेगावच्या रुग्णांचे आकडे जोडलेले. आता गंमत अशी की आमचा तालुका मालेगाव हे खरंच, पण तो वाशिम जिल्ह्यातला. ज्या मालेगावात तेव्हा रोज रुग्ण वाढत होते, ज्याला टीव्हीवाले हॉटस्पॉट म्हणत होते, ते नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागाचं मालेगाव. शेकडो किलोमीटर लांब. पण फोनवर जिल्हा कुणी लिहीत नाही. दोन मालेगावं एकमेकांत मिसळली आणि आमच्या गावात न मेलेली माणसं पुण्यातल्या सोसायटीत मेली.

हे करणारा कुणी मोठा कारस्थानी असेल असं मला वाटत नाही. कुणीतरी काळजीनंच जोडलं असेल. म्हणूनच हा प्रकार जास्त वाईट. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं.

पण सगळंच काळजीपोटी नव्हतं. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधल्या तबलिगी जमातीच्या मेळाव्याचा विषय तेव्हा तापलेला होता आणि आमच्या गावाचं नाव त्याला जोडलं गेलं होतं. त्यामुळं गावातल्या प्रत्येकाच्या फोनवर त्याविषयीचे व्हिडिओ येऊन आदळायला लागले. एकात काही माणसं ताटं-चमचे चाटताना दिसत. खाली लिहिलेलं, रोग पसरवण्याचा डाव. प्रत्यक्षात तो व्हिडिओ जुना, कोरोनाच्या आधीचा. ताटात अन्नाचा कण उरू द्यायचा नाही ही बोहरा समाजातली रीत. दुसऱ्यात पोलिसांच्या गाडीत बसलेला एक माणूस पोलिसावर थुंकतो. तो मुंबईतला कच्चा कैदी होता, घरचं जेवण खाऊ दिलं नाही म्हणून चिडलेला, आणि ही घटना फेब्रुवारीतली. दोन्ही व्हिडिओंत कापाकापीसुद्धा करावी लागली नव्हती. खालची ओळ बदलली की काम झालं.

हे व्हिडिओ पाहिलेल्या माणसाचं काय होतं, ते मी समोरासमोर पाहिलं. तीस वर्षं ज्याच्याकडून भाजी घेतली त्याच्याच गाडीवरची भेंडी हातात घेऊन परत ठेवणारी माणसं पाहिली. त्यांना विचारलं तर म्हणत, "तसं काही नाही, पण चारी बाजूंनी तेच ऐकू येते ना भाऊ." ह्या 'चारी बाजूं'चा हिशेब मी एकदा मांडला. भावकीचा ग्रुप, शाळेचा, दुकानदारांचा, देवस्थानाचा. चारही ठिकाणी तोच व्हिडिओ, तीच ओळ, शेवटची तीन उद्गारचिन्हंसुद्धा तीच. बाजू एकच होती, ती चार दारांतून आत आली होती. आपलं मन मात्र ते चार साक्षीदार म्हणून मोजतं. पूर्वी पारावर चार जणांनी एकच गोष्ट सांगितली तर चौघांचे चेहरे, चौघांचे हेतू आपल्याला ठाऊक असत. फोनवर चेहरा ओळखीच्या माणसाचा आणि बोलणं भलत्याचंच, अशी गफलत होते.

पुढं काय झालं तेही ऐका, कारण हे तुमच्या फोनवर आलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. 30 एप्रिल 2020 ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं जिल्ह्यांची लाल, नारिंगी, हिरवी अशी यादी काढली. हिरव्या यादीत महाराष्ट्राचे सहाच जिल्हे होते: उस्मानाबाद, सिंधुदुर्ग, गोंदिया, गडचिरोली, वर्धा आणि आमचा वाशिम. त्या दिवशी ना आत्याचा फोन आला, ना भाच्याच्या खोलीतल्या पोरांनी त्याची माफी मागितली. आणि 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मरकजला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. ह्या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं, असं निकालात म्हटलं आणि माध्यमांनी उठवलेल्या राळेवरही बोट ठेवलं. चाटण्या-थुंकण्याचे व्हिडिओ ज्या चार ग्रुपांवर आले, त्यांतल्या एकावरही हा निकाल आला नाही. भीती पाठवायला लोकांना वेळ असतो. भीती संपली हे कळवायला नसतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मेडशीबद्दलच्या पोस्टी वाचून आम्ही ओट्यावर बसून हसत होतो, चिडत होतो, शिव्या घालत होतो, कारण मेडशी आमच्या डोळ्यांसमोर होती. आणि तेच अंगठे खाली सरकले, धारावीची पोस्ट आली, की आम्ही सगळे गंभीर होऊन "काय हाल आहेत बाप्पा मुंबईचे" म्हणत होतो. फोन तोच, ग्रुप तोच, पाठवणारा तोच. आमच्या गावाबद्दल इतकं चुकीचं सांगणारा फोन परगावाबद्दल अचूक सांगेल, हे आम्ही कशावरून धरलं होतं? धारावीत बसलेला कुणीतरी त्याच वेळी डोक्याला हात लावत असणार. जगात काय चाललंय याचं आपल्या डोक्यातलं चित्र असल्याच पोस्टींनी भरलेलं असतं, आणि त्यातलं फक्त आपल्या गावापुरतं आपल्याला तपासता येतं.

ही थट्टेची गोष्ट नाही, हे महाराष्ट्राला 1 जुलै 2018 ला कळायला हवं होतं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना लोकांनी मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, मंगळवेढ्याकडची. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं गेलं. त्या काळात मुलं पळवण्याचा जो व्हिडिओ देशभर फिरत होता तो मुळात कराचीतला, मुलांच्या सुरक्षेसाठी जाणूनबुजून केलेला अभिनय. पोरगं परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात, तो शेवटचा भाग कुणीतरी छाटून टाकला होता. आमच्या मेडशीतही गोसावी येतात, बहुरूपी येतात, आमच्या आज्यांनी त्यांना सुपानं धान्य घातलेलं आहे. ती ओळख मोडायला एक छाटलेला व्हिडिओ पुरतो.

त्यानंतर व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल 2020 मध्ये, आमचं गाव बल्ल्यांच्या आत होतं त्याच दिवसांत, खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. दोन बाण म्हणजे तुमच्या मावसभावानं ते लिहिलेलं नाही आणि ज्यानं लिहिलं त्याला मावसभाऊही ओळखत नाही. मला विचाराल तर दोन बाणांच्या मेसेजला त्याच क्षणी उत्तर देऊ नये, रागावूही नये. संध्याकाळपर्यंत ठेवा. बहुतेकांचा दम तोवर निघून जातो.

खोट्याचं एक वेळ बरं, ते पकडता येतं. खऱ्या फोटोनं होणारी फसगत पकडणं अवघड. आमच्याकडं सोयाबीन हेच पीक, त्यामुळं दाखला सोयाबीनचाच देतो. 2021 च्या सप्टेंबरात नवा माल आला तेव्हा काही बाजार समित्यांत मुहूर्ताच्या सोयाबीनला क्विंटलमागं 11 हजारांच्या आसपास बोली लागली. फोटो खरा: हार घातलेला शेतकरी, नारळ, काटा, पावती. पण मुहूर्ताचा भाव म्हणजे मानाचा भाव, तो पहिल्या थोड्या मालाला मिळतो. ऑगस्टमध्येच केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली होती आणि नेहमीचा माल काही आठवड्यांत पाच-सहा हजारांवर आला. ती बातमी दिसायला हारातल्या शेतकऱ्याएवढी देखणी नव्हती. पुढं कित्येक हंगाम माझ्या दुकानात लोक तो आकडा मनात धरून यायचे. यूट्यूबवर 'सोयाबीन दहा हजार पार' असा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की तसलेच दहा पुढं वाढून ठेवलेले असतात. भाव पडणार म्हणणारा माणूस त्या रांगेत येतच नाही. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 होता आणि बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं. कोठीतला माल मुहूर्ताच्या फोटोची वाट बघत राहिला.

म्हणून दुकानात येणाऱ्या पोरांना मी जे सांगतो तेच इथं सांगतो. पोस्टीत गाव असेल तर आधी तालुका विचारा, मग जिल्हा. निम्म्या पोस्टी इथंच गळतात. तारीख विचारा; 'आत्ताच', 'नुकतंच', 'काल रात्री' ही तारीख नव्हे. त्या गावात ओळखीचं कुणी असेल तर सरळ फोन लावा. आपल्याकडं लग्नाच्या निमित्तानं प्रत्येक तालुक्यात कुणी ना कुणी निघतंच, त्याचा उपयोग करून घ्या. फोन लावताना "तुमच्याकडं असं झालं म्हणे" असं विचारू नका, तो घाबरून हो म्हणेल. "काय चाललंय गावात?" एवढंच विचारा. भाव पाहायचा तर बाजार समितीचा त्या दिवसाचा कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर पाहा, आणि आपला माल सर्वसाधारणातच जाईल असं धरून चाला. एखाद्या समाजाविषयी सलग आठवडाभर तुम्हाला एकाच तऱ्हेचे व्हिडिओ दिसत असतील, तर त्या समाजाचं काय बिघडलं हे शोधण्याआधी तुम्ही कुठल्या व्हिडिओवर थांबला होतात ते आठवा.

आणि ग्रुपवर चूक दाखवायची झाली तर चारचौघांत दाखवू नका. वडीलधाऱ्या माणसाला सगळ्यांदेखत खोटं पाडलं की तो दुसऱ्या दिवशी हट्टानं आणखी तीन पाठवतो. त्याला वेगळा फोन करा, "काका, हे त्या दुसऱ्या मालेगावचं दिसतंय" म्हणा. काका स्वतः मेसेज काढून टाकतात, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या स्वतःच्या गावाबद्दल काही भलतंच फिरताना दिसलं, तर मात्र गप्प बसू नका. गाव, तालुका, जिल्हा, तारीख, स्वतः काय पाहिलं आणि खाली स्वतःचं नाव, अशा चार ओळी लिहा आणि परगावच्या नातेवाइकांना पाठवा. मेडशीबद्दल काही ऐकलंत तर मला विचारा. स्टँडजवळ दुकान आहे, सकाळी नऊला उघडतो.