खोदकामापूर्वी भूमिगत वाहिन्यांची चौकशी

ग्रामीण भागात खोदकाम म्हटले की विहीर, घराचा पाया किंवा शेताचा चर एवढेच पूर्वी डोळ्यांपुढे येत असे. खाली खडक लागेल की पाणी, एवढीच काय ती चिंता असे. आता ती स्थिती राहिलेली नाही. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे वाडीवस्तीपर्यंत नळाच्या वाहिन्या गेल्या आहेत. भारतनेट प्रकल्पाची ऑप्टिकल फायबर केबल असंख्य ग्रामपंचायतींच्या दारात आली आहे. काही ठिकाणी वीजवाहिनी जमिनीखालून नेलेली आहे, तर शहरालगतच्या गावांत स्वयंपाकाच्या गॅसची नळीही आढळते. अशा परिस्थितीत शाळेच्या आवारातील वृक्षारोपणाचा खड्डा, अंगणातील शोषखड्डा किंवा कुंपणाचा खांब ही कामे दिसतात तितकी किरकोळ नसतात.

वाहिन्या किती खोल असतात, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. भारतीय मानक 1255 नुसार कमी दाबाची वीज केबल किमान 0.75 मीटर, 11 किलोव्होल्टपर्यंतची 0.90 मीटर आणि 22 ते 33 किलोव्होल्टची 1.05 मीटर खोल असावी लागते. फायबर केबलसाठी सर्वसाधारण मातीत 1.65 मीटर खोलीचा दंडक आहे. शोषखड्डा सुमारे 1 मीटर खोल घेतला जातो, म्हणजे तो यातील काही वाहिन्यांपर्यंत सहज पोहोचतो. घराकडे गेलेली नळाची जोडणी तर अनेकदा हातभर खोलीवरच सापडते. शिवाय हे आकडे वाहिनी टाकतानाचे असतात. पुढे रस्त्याची बाजू तासली जाते, मुरूम उचलला जातो, उतारावरची माती वाहून जाते आणि वाहिनी वर येते. खडकाळ भागात ती मुळातच उथळ असू शकते. म्हणून खोलीच्या आकड्यावर विसंबून कुदळ चालविणे योग्य नव्हे.

चौकशीचा पहिला मार्ग शासनाने खुला केलेला आहे. 22 मार्च 2023 रोजी नवी दिल्ली येथे ‘कॉल बिफोर यू डिग’ या मोबाईल ॲपचे उद्घाटन झाले. असमन्वित खोदकामामुळे केबल तुटून देशाचे दरवर्षी सुमारे 3,000 कोटी रुपयांचे नुकसान होते, असा अंदाज त्या वेळी देण्यात आला होता. खोदणाऱ्याने जागा, तारीख व कामाचे स्वरूप नोंदविले की त्या ठिकाणी ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते. मात्र ज्या संस्थेने आपल्या वाहिन्यांची नोंद केलेलीच नाही, तिला सूचना जाणार कशी? त्यामुळे ॲपवर काही दिसले नाही म्हणजे जमीन मोकळी आहे, असे समजू नये. महावितरणचे शाखा कार्यालय, दूरसंचार यंत्रणा आणि पाणीपुरवठ्याचे काम केलेली यंत्रणा यांच्याकडे स्वतंत्रपणे विचारणा करावी.

येथे ग्रामपंचायतीची दुहेरी भूमिका लक्षात घेतली पाहिजे. ती जशी खोदणारी आहे, तशीच नळवाहिन्यांची मालकही आहे. पण आपल्याच वाहिन्यांचा नकाशा किती ग्रामपंचायतींच्या दप्तरी आहे? बहुधा ही सारी माहिती पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या स्मरणात असते. वळण कोठे आहे, व्हॉल्व्ह कोठे पुरला गेला, हे तोच जाणतो. आणि तो निवृत्त झाला की ती माहितीही त्याच्याबरोबर जाते. तो सेवेत आहे तोवरच त्याला सोबत घेऊन गावातून एक फेरी मारावी आणि तो दाखवील ती खूण कागदावर उतरवून घ्यावी.

यासाठी महागडे उपकरण लागत नाही, एक मोजपट्टी पुरते. समजा, शाळेजवळचा व्हॉल्व्ह नोंदवायचा आहे. शाळेच्या इमारतीच्या कोपऱ्यापासून त्याचे अंतर 8.40 मीटर आणि हातपंपापासून 6.10 मीटर भरले. नकाशावर या दोन बिंदूंपासून प्रमाणानुसार कंपासने कंस काढले की ते एकमेकांस छेदतात. छेदनबिंदू मात्र दोन मिळतात, म्हणून व्हॉल्व्ह कोणत्या बाजूस आहे तेही लिहावे आणि पडताळ्यासाठी तिसऱ्या खुणेपासूनचे अंतर घ्यावे. झाड किंवा विजेचा खांब ही खूण धरू नये, ती हलते. माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी भूमितीच्या तासाला हा प्रयोग अवश्य करून पाहावा. गावालाही त्यातून नकाशा मिळेल.

प्रत्यक्ष खोदताना वाहिनीच्या अपेक्षित मार्गाला आडवा असा लहान चाचणी खड्डा हाताने घ्यावा. रंगीत प्लास्टिकची पट्टी, विटांची किंवा फरशीची ओळ, अथवा आसपास नसलेली बारीक वाळू दिसली की खाली केबल आहे असे धरून चालावे. तेथून पुढे पहार व जेसीबी दूर ठेवून फावड्याने माती काढावी.

शेतकऱ्यांसाठी एक वेगळी बाब. मुंबई–पुणे–सोलापूर किंवा मुंबई–मनमाड अशा इंधनवाहिन्या शेतांखालून जातात. 1962 च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्यानुसार वापरहक्क संपादित झालेल्या पट्ट्यात पीक घेता येते; परंतु इमारत, विहीर, तलाव बांधता येत नाही आणि झाडही लावता येत नाही. शेततळ्याचा प्रस्ताव पाहताना हा पट्टा तपासणे आवश्यक आहे.

एवढे करूनही आघात झालाच, तर वीज केबलच्या बाबतीत पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी जवळ जाऊ नये आणि यंत्रचालकाने यंत्रातच बसून राहावे. गॅसचा वास आल्यास ठिणगी पडेल असे काही न करता, वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला दूर जाऊन गॅस कंपनीला कळवावे. फुटलेली नळवाहिनी त्या मानाने निरुपद्रवी वाटते, पण पुरवठा थांबला की खड्ड्यातील गढूळ पाणी त्याच छिद्रातून आत ओढले जाते आणि दुसऱ्या दिवशी घराघरांत पोहोचते. दुरुस्तीनंतर वाहिनी धुऊन, क्लोरिनची तपासणी करूनच पाणी सोडावे.

केबलला नुसता ओरखडा गेला तरी खड्डा मुकाट्याने बुजवू नये. आवरणातून ओल शिरते आणि काही महिन्यांनी पावसाळ्यात ती वाहिनी बंद पडते. तेव्हा दोष नेमका कोठे आहे हे शोधण्यासाठी सारा रस्ता पुन्हा उकरावा लागतो.