बंदुकीची नळी किती लांब असावी?

सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्या स्मृतिदिनी आम्ही काही विद्यार्थ्यांसह तेथे गेलो होतो. परतताना एका मुलाने विचारले, "सर, ठासणीच्या बंदुकीची नळी केवढी लांब असते! रायफलीची मात्र आखूड. मग पूर्वी या रानात सांबराची शिकार करणाऱ्याला लांब नळीच सोयीची नव्हती का?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर 'कार्य = बल × अंतर' या आपल्या ओळखीच्या सूत्रात आहे. दारू पेटली की तापलेला वायू गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीत असेपर्यंतच हे बल तिच्यावर नीट काम करते. म्हणून नळी लांब, तर कार्य अधिक आणि वेगही अधिक.

उदाहरण घेऊ. .३०३ रायफलीची गोळी सुमारे ११.३ ग्रॅमची. ती सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने बाहेर पडते, म्हणजे तिची गतिज ऊर्जा सुमारे ३१०० ज्यूल. नळीतील प्रवास ६० सें.मी. धरला, तर सरासरी बल ५००० न्यूटनहून अधिक येते. हे जवळजवळ पाच क्विंटल वजनाएवढे झाले!

पण हे बल सरासरी आहे, कायम नाही. गोळी पुढे सरकते तशी वायूला जागा वाढते, तो थंडही होतो आणि दाब झपाट्याने उतरतो. घर्षण मात्र चालूच असते. त्यामुळे नळीच्या शेवटच्या वितीत मिळणारी ऊर्जा पहिल्या वितीपेक्षा फारच कमी. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरतात. तिचा दाब कमी, म्हणून तिला लांब नळी उपयोगी पडते. रायफलीच्या बिनधुराच्या दारूचा दाब कितीतरी अधिक, म्हणून आखूड नळीतही काम भागते.

ली-एनफिल्ड रायफलीचा इतिहास हेच सांगतो. आरंभीची नळी सुमारे ७७ सें.मी. होती, विसाव्या शतकाच्या आरंभी ती ६४ सें.मी. झाली. दुसऱ्या महायुद्धात जंगलातील लढाईसाठी केलेल्या नमुन्यात ती सुमारे ४८ सें.मी. राहिली. लांबी पाव हिश्श्याने घटली, पण वेग दहा टक्क्यांहूनही कमी घटला. मात्र त्याची किंमत मोजावी लागली : तोंडाशी मोठा जाळ, कानठळ्या बसवणारा आवाज आणि बंदूक हलकी झाल्याने खांद्याला जोराचा धक्का. हा धक्का संवेग-अक्षय्यतेचा नियमच!

सिद्धगडाच्या दाट झाडीत नजर फार लांब पोहोचत नाही. तेथे थोडा जादा वेग मिळवण्यापेक्षा कारवीत न अडकणारी नळी बरी. म्हणजे 'सर्वांत लांब' नव्हे, तर 'कामापुरती लांब' हेच उत्तर.

घरी करून पाहा : कागदाच्या, सारख्याच व्यासाच्या १५, ३०, ६० व १२० सें.मी. लांबीच्या नळ्या करा. ओल्या कागदाची गोळी आत बसवून सारख्याच जोराने फुंका आणि अंतर मोजा. नळी दुप्पट केली की अंतरही दुप्पट होते का? (श्वास आत ओढू नका, नळी कोणाच्या तोंडाकडे धरू नका.)

आणि सांबराचे काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे आणि सिद्धगडाचे रान आता भीमाशंकर अभयारण्यात मोडते. तेथे जाताना रायफल नको, दुर्बीण न्या. तिची नळी किती लांब असावी, हा पुढचा प्रश्न तुम्हीच सोडवा!